गोदाची साडेबासष्ट इंचांची गौर

…आणि केळुसकर मास्तर म्हणाले, "गाढवा, आंबे पाच असोत नाहीतर पाचशे, फुली तीच!" इथवर काल आलो होतो, नाही का? तेवढ्यात आमच्या हिचं दूध उतू गेलं आणि गोष्ट अर्धीच राहिली. आज दूध आधीच तापवून घेतलंय. तेव्हा ऐका.

मास्तरांची फुली म्हणजे त्रैराशिक. संगमेश्वराकडच्या आमच्या शाळेला भिंती तीन आणि चौथ्या बाजूला फणस. पण त्या फणसाखाली जे शिकलो ते अजून पुरतंय. तीन आकडे माहीत असतात, चौथा बेपत्ता. दोन वर लिहायचे, दोन खाली, आणि बेपत्ता असेल त्याच्या जागी टिंब. मग कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन रेघा ओढायच्या. ज्या रेघेची दोन्ही टोकं माहीत आहेत त्यांचा गुणाकार करायचा, आणि दुसऱ्या रेघेवर टिंबाच्या जोडीला जो एकटा उरलाय त्यानं भागायचं. चौथा मुकाट्यानं हजर होतो. "तीन साक्षीदार धरले की चोर सापडलाच," असं मास्तर म्हणत. हल्ली नातवाच्या पुस्तकात ह्यालाच तिरकस गुणाकार म्हणतात आणि टिंबाच्या जागी क्ष लिहितात. लिहू देत. चोर तोच.

ह्या फुलीवर मी सगळं आयुष्य हाकलं. सोसायटीच्या सत्यनारायणाला शिरा किती लागेल, गच्चीवरची टाकी कधी भरेल, काही विचारा. आमची ही म्हणते, "तुम्हाला वर नेलं तरी देवाला विचाराल, एका पुण्याला एवढी वर्षं स्वर्ग, तर साडेतीन पुण्यांना किती?" विचारीन की! त्यात लाजायचं काय?

पण ही फुली मी ज्यांना ज्यांना शिकवली त्यांत ती खरी लागू पडली ती गोदाला. आज सांगायचंय ते तिचंच.

गोदा, म्हणजे गोदावरी सहदेव पाष्टे. डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत तळमजल्याला राहते. माहेर-सासर दोन्ही गुहागरकडचं, शाळा सातवीपर्यंत. नवरा सहदेव एमआयडीसीत फिटर. बाई अंगानं लहानखुरी, बोलायला लागली की मात्र चौघींना पुरून उरेल. तिचा धंदा तुम्हाला सांगितला तर हसाल. ती गौरींची अंगं शिवते.

उभ्या गौरी बघितल्या असतील तुम्ही. मुखवटा घरातला, पिढ्यान् पिढ्यांचा. पण त्याच्या खालचं अंग? कोणी डब्यावर डबे रचतं, कोणी शेगडीला साडी गुंडाळतं. गोदा लोखंडी स्टँडवर कापडाचं धड शिवून देते. आत कापूस, खांदे गोल, हात कोपरात वाकलेले, बोटंसुद्धा वेगवेगळी. साडी नेसवली की बाई उभी राहिल्यासारखी वाटते. स्टँड सहदेव रविवारी स्वतः जोडतो. कल्याणहून, ठाण्याहून लोक येतात. आषाढ लागला की तिच्या खोलीत आठ-दहा बायका बिनडोक्याच्या उभ्या. एकदा नवा गॅसवाला सिलिंडर घेऊन आत गेला तो सिलिंडर टाकूनच बाहेर आला. "वहिनी, आप के घर में मीटिंग चालू है क्या?" तेव्हापासून आम्ही तिच्या खोलीला मीटिंगच म्हणतो.

आता फुली कशी शिरली तेही सांगतो. सुरुवातीला ती सगळं नजरेनं करायची. नेहमीचे मुखवटे पाच इंचांचे, त्याला तीस इंच अंग, हे हाताला बसलेलं. एका वर्षी बाळकुमच्या टॉवरमधलं एक कुटुंब आलं. जुनं घर पाडून टॉवर झालेला, पण मुखवटा त्या जुन्या घरातला, पितळी, चांगला साडेसात इंची. गोदानं सवयीनं तीस इंचांचं अंग शिवलं. मुखवटा बसवला तर गौर दिसायला लागली बाळसं धरलेल्या पोरासारखी, नुसतं डोकंच डोकं. गोदा रडकुंडीला येऊन माझ्याकडे. "आबा, ह्या गौरीला बघून गणपतीसुद्धा हसेल हो!"

मी पाटी घेतली. पाचाला तीस, तर साडेसाताला किती? फुली मारली. साडेसात गुणिले तीस, दोनशे पंचवीस. भागिले पाच, पंचेचाळीस. गोदा माझ्याकडे बघते, पाटीकडे बघते. "एवढंच?" म्हणाली. "मग हे शाळेत सांगितलं का नाही?"

"सांगितलं असणार. तू खिडकीबाहेर बघत असशील."

"मी नाही. मी त्या वेळी गुरं राखत होते," म्हणाली, आणि पाटी उचलून घेऊनच गेली. ती पाटी अजून मला परत मिळालेली नाही. पुढे तिनं फुलीनं साडीचं माप काढलं, कापसाचं काढलं. एकदा म्हणाली, "आबा, हे यंत्र आहे हो. तीन टाका, चौथं घ्या." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! साठ-पासष्ट वर्षांनी मास्तरांना एक चेला जास्तीचा मिळाला.

आता जे सांगायचं ते सांगायला जीभ जरा जड होते. पण त्याशिवाय गोदा कळायची नाही.

गोदा आणि सहदेवला एकच मुलगी होती. संचिता. चौथीत असताना गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. नऊ वर्षांची पोर. जिन्यावरून कधी चालत आली नाही, उड्या मारत यायची. खालून आवाज आला की आमची ही डबा उघडून चकली काढून ठेवायची. त्याला आता बारा वर्षं झाली. गोदा त्यानंतर वर्षभर मशीनला बसली नाही. मग बसली ती अशी, की आषाढापासून तिला जेवायला सवड नसायची. लोकांना वाटलं, सावरली. मलाही वाटलं.

तर ह्या वर्षीची गोष्ट. श्रावणातला एक सकाळचा प्रहर, मी गॅलरीत पेपर वाचतोय. गोदा वर आली. हातात कटिंगचा तपकिरी कागद, त्यावर खडूनं फुली.

"आबा, माझी फुली चुकली का बघा. उत्तर येडचाप येतंय."

मी चष्मा चढवला. वर नऊ आणि पन्नास. खाली एकवीस आणि टिंब. एकवीस गुणिले पन्नास, एक हजार पन्नास. भागिले नऊ, एकशे सोळा आणि वर थोडे.

"गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर," मी म्हटलं. "एकशे सोळा काय? इंच? अगं, पावणेदहा फूट होतात! कुणाची गौर ही? छत फोडून वरच्या मजल्यावर हळदीकुंकू घेणार काय?"

ती हसली नाही. एरवी आधी हसते, मग बोलते.

"संचिताचं आहे," म्हणाली.

मी पेपर खाली ठेवला.

"गॅदरिंगला तिचा परकर-पोलका शिवला तेव्हा मी उंची घेतलेली. पन्नास इंच. नऊ वर्षांची होती. आता एकवीस पुरी झाली असती. मी म्हटलं, नवाला पन्नास तर एकविसाला किती. तुमच्याच फुलीनं केलं आबा. मग असं का येतंय?"

 तिला मी हिशेब दिला होता, पण हिशेब कुठे लावायचा नाही ते सांगितलंच नव्हतं, कोण सांगतं? मी तिला खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "गोदा, फुली कुठे चालते ठाऊक आहे? दोन गोष्टी हात धरून चालत असतील तिथं. पीठ दुप्पट तर भाकऱ्या दुप्पट. पीठ नाही तर भाकरी नाही. आता मला सांग, संचिता जन्मली तेव्हा वय किती?"

"काहीच नाही."

"आणि लांबी?"

तिनं दोन्ही तळहात समोर धरले. त्यांच्यामध्ये दीडेक फूट जागा सोडली, आणि हात तसेच धरून बसली. खाली ठेवीनाच.

"बघ," मी हळूच म्हटलं. "वय शून्य होतं तरी ती एवढी होती. वय आणि उंची हात धरून चालत नाहीत. पोर आधी भराभर वाढतं, मग सावकाश, मग थांबतं. इथं फुली नाही लागत."

"मग कुठली लागते?"

"कुठलीच नाही गं."

"म्हणजे ती केवढी झाली असती ते कुणालाच सांगता येणार नाही?"

 ती कागदाची घडी घालत म्हणाली, "आबा, मी एवढ्या बायकांच्या गौरी उभ्या करते. ह्या वर्षी मला माझ्या घरात एक उभी करायची आहे. संचिता आज असती तेवढी. बस, तेवढी. एक इंच कमी नको, जास्त नको."

"चेहरा तिच्यासारखा करणार?"

"चेहरा नको. चेहरा मला पाठ आहे. उंची तेवढी माहीत नाही."

असं म्हणून ती खाली गेली. आमची ही आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "बसलात ना फुल्या मारत! आता काढा उत्तर." आणि डोळे पुसत परत आत.

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. संध्याकाळी खाली गेलो तर तिथं नवरा-बायकोचं जुंपलेलं. सहदेव एरवी अबोल माणूस. पण त्या दिवशी दारातून आवाज येत होता.

"गेलेल्या पोरीला मापतेस? लोक काय म्हणतील?"

"लोक माप घेऊन येतातच ना माझ्याकडे? मी माझं घेतलं तर काय झालं?"

"मी नाही जोडणार असला स्टँड."

"नका जोडू. मी बांबूवर उभी करीन."

मला बघून सहदेव चप्पल अडकवून बाहेर पडला. जाता जाता म्हणाला, "आबा, तुम्हीच समजवा तिला." आणि मी समजवायला म्हणून आत गेलो तो माझी नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर संचिताचा फोटो आहे, हाराचा. गॅदरिंगमधला, परकर-पोलक्यातला. बारा वर्षं मी तो फोटो बघतोय. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की तिच्या खांद्यावर एक हात आहे. नुसता हात. बाकीचं माणूस फ्रेमवाल्यानं कापून टाकलेलं.

"गोदा, हा हात कुणाचा?"

"विनिताचा. संचिताची मैत्रीण. दोघी शेजारी उभ्या होत्या, त्यानं कडेनं कापला फोटो. ते आता ठाण्याला राहतात, टेंभी नाक्याला. पोरगी नोकरीला लागली, ऐकलं."

"वय तेच?"

"दोघींमध्ये महिन्याचं अंतर."

माझ्या डोक्यात मास्तर उठून उभे राहिले! म्हटलं, "गोदा, एक पोर वयाबरोबर कशी वाढेल ते फुलीनं नाही सांगता येणार. पण दोन पोरी, एकाच वयाच्या, एका पायरीवर शेजारी उभ्या. तेव्हा ही तिच्यापेक्षा किती उंच की बुटकी ते न कापलेल्या फोटोत असणार, आणि तो विनिताकडे असेलच. आता ती केवढी झाली ते तिला मोजून कळेल. झाले की तीन साक्षीदार!"

गोदानं तिथल्या तिथं मोबाईल काढला.

विनिता रविवारी आली. उंच टाचांची चप्पल, खांद्यावर बॅग, केस मोकळे, चांगली हसरी पोर. पण दारात आल्यावर आत पाऊल टाकीना. बारा वर्षांत ती इथं आलेली नव्हती. भिंतीकडे तिनं बघितलं नाही, मुद्दाम.

"ये गं," गोदा म्हणाली. "ह्या बिनडोक्याच्या बायकांना घाबरू नको. जिवंत माणसांपेक्षा बऱ्या आहेत, बोलत नाहीत."

"काकू, मी यायला पाहिजे होतं. सॉरी."

"आलीस ना. बस. पोहे खाशील?"

फोटो तिनं बॅगेत पुठ्ठ्यामध्ये घालून आणला होता. पूर्ण फोटो, दोघींचा. शाळेच्या एकाच पायरीवर अनवाणी उभ्या, विनिताचा हात संचिताच्या खांद्यावर, दोघींच्या तोंडाला भडक लिपस्टिक. गोदानं फोटो हातात घेतला आणि किती तरी वेळ कापलेल्या बाजूकडेच बघत राहिली. म्हणाली, "ही बघ, तुझी वेणी सुटलीय. मीच घातलेली ना त्या दिवशी?"

"हो. तुम्ही घट्ट घातलेली, मीच खेचून सोडली. दुखत होती."

"मला वाटलं, माझी सैल बसली," गोदा म्हणाली. "बारा वर्षं वाटलं."

मी पट्टी लावली. फोटोत विनिता बारा सेंटिमीटर, संचिता साडेबारा. टाचेपासून भांगापर्यंत, दोघींची सारखीच पद्धत. मग विनिताला भिंतीला लावून उभी केली. चप्पल काढायला लावली.

"काकू, सीधी आहे ना मी?"

"मान सरळ. पोट कशाला आत घेतेस? उंची मोजतेय, लग्नाला दाखवत नाहीये."

"सवय झालीय हो. जिमवाली मॅडम ओरडते."

गोदानं डोक्यावर पट्टी आडवी धरली, भिंतीवर खडूची रेघ केली. टेप खाली सोडला. साठ इंच. बरोबर पाच फूट. टेप सोडून झाला तरी गोदाचा हात विनिताच्या डोक्यावरच राहिला. पोरगी हलली नाही. मी उगीच खिडकीतून रस्त्यावरची केळीची गाडी बघत राहिलो.

मग मीटिंगच्या मध्ये खाली बसून फुली मारली. वर बारा आणि साडेबारा. खाली साठ आणि टिंब. मी म्हटलं, "गोदा, तूच कर." तिनं साठ गुणिले साडेबारा केलं, साडेसातशे. भागिले बारा. खडू थांबला.

"साडेबासष्ट," म्हणाली.

विनिता शिकलेली पोर, सायन्सची. माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाली, "आजोबा, पण हे असं थोडीच असतं? नवव्या वर्षी उंच असलेली मोठेपणी उंच राहते असं नाही ना. तीच आधी वाढली असेल, मी नंतर..."

"नसतं बाळ," मी म्हटलं. "अंदाज आहे हा. नुसता अंदाज."

आमचं कुजबुजणं गोदानं ऐकलं. मान वर न करता म्हणाली, "असू दे गं. मला ठाऊक आहे. पण मला एक आकडा पाहिजे. आकड्याशिवाय कापड कापता येत नाही."

मग विनिताचा बांध फुटला. गोदानं तिला जवळ घेतलं नाही, पाठ थोपटली नाही. पोह्यांची बशी तिच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, "लिंबू पिळू का?"

ह्याच वेळी सहदेव दारात उभा होता. केव्हापासून होता कोण जाणे. त्यानं भिंतीवरची विनिताची रेघ बघितली. मग खाली जमिनीवरची फुली. आत आला नाही. दारातूनच विचारलं, "मुखवटा वगळून किती?"

गोदानं पुन्हा खडू घेतला. तिच्या नेहमीच्या गौरीचं अंग तीस आणि मुखवटा पाच, एकूण पस्तीस. पस्तिसाला पाचाचा मुखवटा, तर साडेबासष्टाला किती? आलं नवाला किंचित कमी. "नऊ धरा," म्हणाली. "म्हणजे अंग साडेत्रेपन्न."

"साडेत्रेपन्न," सहदेव म्हणाला, आणि पाइप आणायला गेला.

कुळाचाराचा एक खोडा उरला होता. पाष्ट्यांच्या घरी उभी गौर नसते. तेरड्याची असते. पाण्याकाठचा तेरडा मुळांसकट उपटून त्याची जुडी सुपात ठेवायची, वर खण पांघरायचा, झाली गौर. सहदेवचा धाकटा भाऊ धाकू गावाला घर सांभाळतो. त्याच्या कानावर गेलं आणि त्याचा फोन आला. गोदानं स्पीकरवर लावला, म्हणून मलाही ऐकू आला.

"वयनी, काय चाललाय ता तुमचा? आपल्याकडे उभी गौर चालत नाय. घराला सोसायची नाय."

"भाऊजी, ह्या घराला आणखी काय सोसायचं राहिलंय?"

 मग गोदाच म्हणाली, "तेरडाच आहे भाऊजी. कापडाच्या पोटात तेरड्याची जुडी बांधते. वरून अंग, आत आपलीच गौर."

धाकूनं विचारलं, "मुळां खाली ठेवशात ना?"

"खालीच ठेवते."

"मग असो. वयनी, जपून असा."

तेरडा डोंबिवलीत बाजारात मिळतो, पण सहदेव म्हणाला, विकतचा नको. तो खडवलीला गेला, नदीकाठचा तेरडा मुळांसकट घेऊन आला, चिखलानं भरलेले पाय घेऊन. साडी गोदानं आपलीच काढली, लग्नातली हिरवी. मुखवटा पेणहून मागवला, नऊ इंची, साधा शाडूचा. अंगाची शिवण तिनं मशीनवर घातली नाही, हातानं घातली. 

गौर पुजायच्या दिवशी मला आणि हिला, म्हणजे गोदाच्या आबांना आणि आईंना, जेवायला बोलावणं. खाली गेलो. खोलीतल्या बाकी सगळ्या बिनडोक्याच्या बायका आपापल्या घरी गेलेल्या, मीटिंग संपलेली. आणि खिडकीपाशी ती एकटीच उभी.

मी तुम्हाला खरं सांगतो, आकडा माझ्याच फुलीनं निघाला होता. साडेबासष्ट हे मी जमिनीवर खडूनं लिहिलेलं बघितलं होतं. पण साडेबासष्ट म्हणजे केवढं, ते तेव्हा कळलं. हिरवी साडी, खांदे जरा उतरते, एक हात कोपरात वाकलेला. एकवीस वर्षांची मुलगी घरात उभी असते तशीच. आमची ही दारातच थांबली आणि पदर तोंडाला लावून माघारी फिरली. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज ऐकला.

गोदा पाटावर चढून गौरीला गजरा माळत होती. गोदा स्वतः एकोणसाठ इंचांची. पाटाशिवाय हात पोचत नव्हता. गजरा माळून खाली उतरली, दोन पावलं मागे आली आणि मान वर करून बघत राहिली. मग पुन्हा पाटावर चढली, काहीच न करता पुन्हा उतरली.

सहदेव पानं मांडत होता. खिडकीकडे जायचं झालं की भिंतीच्या कडेनं अंग चोरून जात होता. लहान खोलीत मोठं माणूस उभं असलं की आपण जातो तसा. एकदा त्याचा खांदा गौरीच्या हाताला लागला. तो थबकला, आणि हात नीट करून पुढे गेला. 

मला काही तरी बोलायला हवं होतं. मी हा असा माणूस, गप्प बसलो की आजारी पडतो. आणि दुसरं काय येतं मला? हिशेबच येतो. मी म्हटलं, "गोदा, ह्या वयाला पोरींची वाढ थांबते बघ. म्हणजे आता आकडा बदलणार नाही. पुढल्या वर्षी फुली मारायला नको, हाच स्टँड, हीच उंची. आता कायमची एवढीच."

बोललो आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. "आता कायमची एवढीच", हे काय बोलणं झालं? सहदेवच्या हातातलं केळीचं पान तसंच राहिलं.

गोदानं गौरीच्या पदराची एक चुणी सारखी केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली:

"बरं झालं आबा. नऊ वर्षांची पोर गौर होऊन आली आणि तीन दिवसांनी आपणच तिला पाठवून दिली, असं कुठल्या आईला करता येईल? लोक विचारायचे तुमची मुलगी कुठेय, तर मला सांगायला जागाच नव्हती. एवढीशी पोर कुठे गेली म्हणून सांगू? आता एवढी झाली म्हणजे सासरी गेली असं मनात तरी म्हणता येईल. उद्या ओटी भरते आणि पाठवते. तुम्ही बसा, आणि आईंना हाक मारा वरून. भाजी निवत चालली."